राइड पूर्ण कधी होते? अमेरिकेतल्या एका चॅरिटी सायकल राइडमधून शिकायचा धंदा



आज एक ऑफर देतो. घ्याल का सांगा.

दोन दिवसांत सुमारे ३०० किलोमीटर सायकल चालवायची. सायकल तुमची, घाम तुमचा. नाव नोंदवायची फी वेगळी भरायची. एवढं करून वर सुमारे सहा हजार डॉलर, म्हणजे आपले पाच लाख रुपये, ओळखीच्या लोकांकडून गोळा करून एका कॅन्सर हॉस्पिटलला द्यायचे. आणि मुदतीत तेवढे जमले नाहीत, तर उरलेली रक्कम तुमच्याच क्रेडिट कार्डावरून कापून घेतली जाणार.

बॅचमध्ये मी हे सांगतो तेव्हा सगळे हसतात. "सर, असली ऑफर कोण घेईल?"

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी सहा हजारांहून जास्त लोक या राइडला उतरतात. सगळेच सर्वात लांबचा मार्ग घेत नाहीत. छोटे मार्गही आहेत, त्यांची रक्कमही कमी असते. पण नियम सगळ्यांना तोच. आणि एकदा येऊन गेलेले कित्येक जण पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवतात.

या राइडचं नाव पॅन-मॅस चॅलेंज, थोडक्यात पीएमसी. आपल्या चॅनेलवरच्या व्हिडिओत मी तिच्याबद्दल पाच-सहा मिनिटं बोललोय. इथे सविस्तर लिहितो, कारण या राइडमध्ये छोट्या धंद्यासाठी जेवढं शिकण्यासारखं आहे, तेवढं मला बीबीएच्या तीन वर्षांत एका जागी सापडलं नव्हतं.

छत्तीस माणसं, दहा हजार दोनशे डॉलर

बॉस्टन भागातला बिली स्टार नावाचा एक तरुण. १९७४ साली त्याची आई त्वचेच्या कॅन्सरनं गेली. तिच्या नावानं काहीतरी करायचं हे डोक्यात होतं, आणि सायकलची आवड होतीच. १९८० साली त्यानं मित्रमंडळी गोळा केली. एकूण ३६ जण. राज्याच्या पश्चिमेकडच्या स्प्रिंगफिल्ड शहरातून निघायचं आणि केप कॉडच्या टोकावरच्या प्रॉव्हिन्सटाउनला समुद्रापाशी थांबायचं. प्रत्येकानं आपापल्या ओळखीत पैसे मागायचे आणि ते बॉस्टनच्या कॅन्सर संस्थेला द्यायचे. ही संस्था आज डॅना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते.

त्या पहिल्या वर्षी जमले १०,२०० डॉलर. भागाकार करा, माणशी सुमारे २८३ डॉलर.

आता २०२४ सालाचा आकडा बघा. त्या एका वर्षात पीएमसीनं डॅना-फार्बरला साडेसात कोटी डॉलर दिले. १९८० पासूनची बेरीज त्या वर्षी १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली. माणशी सरासरी काढली तर दहा हजार डॉलरच्या वर जाते. म्हणजे किमान आकड्यापाशी न थांबणारे लोक इथे भरपूर आहेत.

नव्या उद्योजकांना माझं पहिलं सांगणं असतं की ३६ पासून सुरुवात करायला लाजू नका. ज्याला पहिल्याच वर्षी १०० कोटी दिसतात, तो सहसा दुसऱ्या वर्षी दिसत नाही. इथे चव्वेचाळीस वर्षं लागली. दर उन्हाळ्यात तीच राइड, तेच हॉस्पिटल, तोच शब्द.

त्या दोन दिवसांत होतं काय?

आधी राइड डोळ्यांसमोर आणू या. लांबच्या मार्गाची सुरुवात आता स्टरब्रिज नावाच्या गावातून होते. शनिवारी पहाटे, उजाडायच्या सुमाराला हजारो सायकली रांगेत. पहिल्या दिवशी साधारण १७५ किलोमीटर. सुरुवातीचा भाग चढ-उताराचा, मांड्या तिथेच भरून येतात. ठरावीक अंतरावर वॉटर स्टॉप. तिथे पाणी, केळी, सँडविच, पंक्चर काढणारा आणि पाय चोळून देणारासुद्धा. संध्याकाळी मुक्काम बोर्न गावी, मॅसॅच्युसेट्स मेरिटाइम अकॅडमीत, केप कॉडच्या कालव्याला लागून.

रविवारी पुन्हा अंधारात उठायचं. बोर्नचा पूल ओलांडला की केप कॉड सुरू. हा जमिनीचा लांबट पट्टा नकाशात दुमडलेल्या हातासारखा समुद्रात गेलेला दिसतो. त्या हाताच्या मुठीवर प्रॉव्हिन्सटाउन. शेवटच्या टप्प्यात वाळूच्या टेकड्या आणि समोरून वारा. वारा तोंडावर असला की सपाट रस्तासुद्धा घाटासारखा लागतो, हे सायकल चालवणाऱ्याला सांगायला नको.

पण या राइडबद्दल बोलताना लोक किलोमीटर कमी सांगतात, माणसं जास्त सांगतात. रस्त्याकडेला "थँक यू" लिहिलेले फलक घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं उभी असतात. ब्रूस्टर गावात मुलांच्या एका उन्हाळी शिबिराच्या कुंपणापाशी पोरं ओळीनं उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायची. ती जागा तर राइडर मंडळींत प्रसिद्ध झाली होती. वाटेत एका ठिकाणी डॅना-फार्बरमध्ये उपचार घेणाऱ्या मुलांचे फोटो लावलेले असतात. राइडरच्या टीम या मुलांशी जोडून दिलेल्या असतात, त्यांना 'पेडल पार्टनर' म्हणतात. आपल्या टीमचं पोरगं कोणतं, हे राइडरला नावानिशी माहीत असतं. आणि जे राइडर स्वतः कॅन्सरमधून बाहेर आलेत किंवा अजून उपचार घेतायत, त्यांना इथे 'लिव्हिंग प्रूफ' म्हणतात. जिवंत पुरावा!

आता मुद्द्यावर येऊ.

धडा पहिला: खरा घाट रस्त्यावर नाही, मागण्यात आहे

तीनशे किलोमीटरची तयारी करता येते. मार्चपासून दर रविवारी थोडं थोडं वाढवत गेलं, तर धडधाकट माणूस ऑगस्टपर्यंत तयार होतो. पण सहा हजार डॉलर कसे येतात? गणित मांडू. माणशी शंभर डॉलर धरले तर साठ माणसं हवीत. पन्नास धरले तर एकशे वीस. समजा विचारलेल्यांपैकी निम्म्यांनीच दिले, तर विचारायला लागणार एकशे वीस ते दोनशे चाळीस लोकांना. शाळेतले मित्र, ऑफिसातले, शेजारी, दाढी करणारा, दात बघणारा डॉक्टर. प्रत्येकाला वेगळं पत्र किंवा फोन. काही जण हो म्हणणार, काही "बघतो" म्हणणार, काही उत्तरच देणार नाहीत.

घाट म्हणतात तो हा. आणि तुमच्या धंद्यातही तो इथेच आहे.

माझ्या बॅचला एक ताई होत्या. गोडा मसाला असा करतात की वास दोन घरं पलीकडे जातो. पॅकिंग केलं, लेबल छापलं, फूड लायसन्स काढलं, वजनकाटा घेतला. फोनमध्ये चारशे नंबर. मी विचारलं, "यातल्या किती जणांना 'घेणार का?' म्हणून विचारलंत?" त्या म्हणाल्या, "स्टेटस ठेवलंय की सर." मी म्हटलं, "स्टेटस नाही. नाव घेऊन कुणाला विचारलंत?" उत्तर होतं, एकालाही नाही. "लोकांपुढे हात कसा पसरायचा?"

आपल्याकडे ही म्हण उगाच नाही: भीड ही भिकेची बहीण. धंदा बंद पडतो तेव्हा आपण म्हणतो मार्केट खराब होतं. बऱ्याचदा मार्केटला कुणी विचारलेलंच नसतं.

हात पसरणं आणि विचारणं यात फरक आहे. हात पसरणारा "माझ्यासाठी द्या" म्हणतो. पीएमसीचा राइडर म्हणतो, "मी तीनशे किलोमीटर चालवणार आहे, रक्कम जमली नाही तर माझ्या खिशातून भरणार आहे. तुम्ही यात किती घालाल?" त्यानं स्वतःचं आधी पणाला लावलंय. तुम्ही भाजणी भाजून, नमुना तयार ठेवून, भाव ठरवून विचारता, तेव्हा तुम्हीही स्वतःचं पणाला लावलेलंच असतं. मग मान खाली कशाला?

धडा दुसरा: आकडा, नाव आणि तारीख

राइडर मागतो ते नीट बघा. मोघम "कॅन्सरसाठी मदत करा" एवढ्यावर तो थांबत नाही. तो सांगतो: कुणासाठी चालवतोय, किती जमवायचेत, किती जमलेत, कधीपर्यंत हवेत.

ही पद्धत त्या हॉस्पिटलच्या मुळातच आहे. पीएमसीचा पैसा 'जिमी फंड'मार्फत डॅना-फार्बरला जातो. या फंडाची गोष्ट ऐका. बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर लहान मुलांच्या कॅन्सरवर औषधं शोधत होते. त्या काळी मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर हाती काही नव्हतं. २२ मे १९४८ ला रेडिओवरच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात त्यांच्याकडच्या बारा वर्षांच्या एका पेशंटशी गप्पा झाल्या. मुलाचं खरं नाव आयनार गुस्ताफसन, पण ओळख कळू नये म्हणून त्याला 'जिमी' म्हटलं. तो बॉस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल टीमचा भक्त. कार्यक्रम चालू असतानाच ते खेळाडू त्याच्या खोलीत शिरले! मग निवेदकानं लोकांना सांगितलं की वीस हजार डॉलर जमले, तर जिमीला मॅच बघायला टीव्ही मिळेल.

टीव्ही मिळाला. आणि जमले दोन लाख डॉलरहून जास्त.

"वैद्यकीय संशोधनाला हातभार लावा" असं नुसतं म्हटलं असतं तर? लोक ऐकून रेडिओ बंद करून जेवायला बसले असते. एक मुलगा, एक टीव्ही, एक आकडा. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. पुढे सगळ्यांना वाटायचं की तो मुलगा केव्हाच गेला असेल. १९९८ साली कळलं की जिमी जिवंत आहे, मेन राज्यात राहतो आणि ट्रक चालवत होता. फंडाला पन्नास वर्षं झाली त्याच वर्षी!

आता आपल्या धंद्यात आणू. खालचे दोन मेसेज वाचा.

पहिला: "आमच्याकडे दिवाळीचा सर्व प्रकारचा घरगुती फराळ ऑर्डरप्रमाणे मिळेल. एकदा सेवेची संधी द्या."

दुसरा: "वहिनी, गेल्या भाऊबीजेला तुम्ही चकली नेली होती. यंदाही करतेय. किलोला ४८० रुपये. तुमच्यासाठी एक किलो लिहून घेऊ का? शनिवारपर्यंत सांगा, रविवारी भाजणी दळायला टाकतेय."

पहिला मेसेज सगळ्यांना आहे, म्हणून कुणालाच नाही. दुसऱ्यात नाव आहे, जुनी आठवण आहे, भाव आहे, आकडा आहे, तारीख आहे. शिवाय "नको" म्हणायची मोकळीकसुद्धा आहे. माझ्या भांड्यांच्या दुकानात संक्रांतीच्या वाणाच्या ऑर्डर याच पद्धतीनं येतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षीची वही काढायची आणि एकेकीला फोन: "काकू, मागच्या वेळी एकावन्न डबे नेले होते. यंदा किती सुवासिनी?" दुकानाबाहेर बोर्ड लावून जे होत नाही, ते या एका वहीनं होतं.

धडा तिसरा: खर्च कुणी भरला, ते आधी सांगा

हा धडा सगळ्यात मोठा आहे, जरा सावकाश वाचा.

सहा हजार सायकलस्वारांना दोन दिवस जेवू घालायचं, रस्त्यांची व्यवस्था, अँब्युलन्स, तंबू, बस. हा खर्च काही थोडाथोडका नाही. मग देणगीतून तो वजा होतो का? २००७ पासून पीएमसीचा शब्द असा की राइडरनं गोळा केलेल्या डॉलरमधला शंभर टक्के भाग डॅना-फार्बरला जाणार. मग खर्च? तो निघतो नोंदणी फी आणि स्पॉन्सर कंपन्यांच्या पैशातून. बऱ्याच वस्तू फुकट मिळतात आणि राबायला हजारो स्वयंसेवक असतात. देणगीचा गल्ला वेगळा, खर्चाचा गल्ला वेगळा.

याचा राइडरला केवढा फायदा होतो बघा. मागताना तो छातीठोक सांगू शकतो, "तुमचा शंभरचा शंभर डॉलर पोचणार." समोरच्याच्या मनातली पहिली शंका तिथेच मिटते.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९९४ साली कॅलिफोर्निया एड्स राइड सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस. ती उभी केली डॅन पॅलोटा यांच्या कंपनीनं. त्या कंपनीनं अशा मोठमोठ्या राइड आणि पदयात्रांतून संस्थांना प्रचंड पैसा मिळवून दिला. पण जाहिरात आणि व्यवस्थेवर खर्च फार होतो, अशी टीका वाढत गेली. २००२ साली कंपनी बंद पडली. साडेतीनशे माणसांची नोकरी गेली.

पॅलोटांचं म्हणणं त्यांनी नंतर, २०१३ च्या टेड व्याख्यानात मांडलं. ते असं की खर्च हे पाप नाही, खर्च केल्यानं जास्त पैसा येत असेल तर तो करायलाच हवा. धंदेवाईक म्हणून मला त्यांचं बरंचसं पटतं. जाहिरातीवर खर्च न करता धंदा वाढवून दाखवा म्हणणाऱ्यानं कधी गल्ल्यावर बसलेलं नसतं. पण ग्राहकाच्या मनात एकदा "माझ्या पैशाचं नक्की काय होतं?" हा प्रश्न आला की तुमचं लॉजिक कितीही बरोबर असो, गाडी उताराला लागते. खर्च झाला म्हणून माणूस चिडत नाही. तो त्याला नंतर, तिसऱ्याच कुणाकडून कळला म्हणून चिडतो.

त्या मार्गावर २००२ पासून दोन सामाजिक संस्थांनी स्वतः एड्स लाइफसायकल ही राइड चालवली. सात दिवस, ५४५ मैल, म्हणजे पावणेनऊशे किलोमीटर. कोट्यवधी डॉलर जमवले. तीही जून २०२५ मध्ये शेवटची झाली. खर्च वाढत गेला आणि राइडर कमी झाले. हेतू उत्तम, माणसं चांगली, तरी जमाखर्चाची रेघ कुणाला चुकत नाही. "माझं काम चांगलं आहे, मग धंदा चालेलच" असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं हे लिहून ठेवावं.

तुमच्यासाठी याचा अर्थ साधा आहे. डिलिव्हरीचे साठ रुपये लागणार असतील तर ऑर्डर घेतानाच सांगा. केकवर नाव लिहायचे, साडीला फॉल-पिकोचे, फर्निचर तिसऱ्या मजल्यावर चढवायचे पैसे वेगळे असतील, तर भावाबरोबरच बोला. आणि घरखर्चाचा गल्ला व धंद्याचा गल्ला आजपासून वेगळा करा. दोन वेगळे डबे केलेत तरी चालेल. पीएमसीनं मोठ्या प्रमाणावर हेच केलं.

धडा चौथा: मागचे हात मोजा

इथे आपल्या मातीतलं एक उदाहरण घेतो. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ. २०१५ साली दोघांनी मिळून 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या अनॅपोलिसपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर, सुमारे ४,८०० किलोमीटर. दोघांच्या टीमला नऊ दिवसांची मुदत असते. त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत केलं. ही स्पर्धा पूर्ण करणारी ती पहिली भारतीय टीम. टीमचं नाव होतं 'व्हिजन फॉर ट्रायबल्स', कारण राइडच्या निमित्तानं आदिवासींच्या डोळ्यांच्या उपचारांसाठी मदत उभी करायची होती.

अशा राइडमध्ये एक भाऊ सायकलवर असताना दुसरा गाडीत झोपतो, खातो, पाय मोकळे करतो. मागे क्रूच्या गाड्या. कुणी रस्ता सांगणारा, कुणी सायकल दुरुस्त करणारा, कुणी दर थोड्या वेळानं तोंडात काहीतरी घालणारा. फिनिश लाइनवर फोटो दोघांचा येतो. पण क्रूमधला ड्रायव्हर रात्री तीनला पेंगला असता तर फोटोच आला नसता.

तुमच्या धंद्यातला क्रू कोण? पहाटे पीठ दळून देणारा गिरणीवाला, उधारीवर माल सोडणारा होलसेलर, तुम्ही प्रदर्शनात असताना मुलांचं बघणारी सासू किंवा आई, हिशेब लिहिणारा भाचा. यांची नावं एका कागदावर काढा. यातलं कुणी आठ दिवस आजारी पडलं तर काय अडेल, ते प्रत्येक नावापुढे लिहा. जिथे सगळंच अडेल असं दिसेल, तिथे आजच दुसरा माणूस शोधायला लागा. आणि वर्षातून एकदा तरी त्यांना नफ्यातला गोड घास द्या. त्यांना गृहीत धरून धंदा लांब जात नाही.

मग राइड पूर्ण कधी होते?

प्रॉव्हिन्सटाउनला सायकल टेकवली, समुद्र दिसला, फोटो काढला. झाली राइड पूर्ण? नाही. पैसे जमा करायची मुदत त्यानंतरही काही आठवडे असते. ऑगस्टच्या त्या रविवारनंतर राइडर घरी येऊन पुन्हा यादी काढतो. कोण "बघतो" म्हणालं होतं? कुणाचे आले? कुणाला आभाराचं पत्र राहिलं? शब्द दिलेला आकडा पोचला की राइड पूर्ण.

याचा पुरावा २०२० सालानं दिला. कोरोनामुळे त्या वर्षी रस्त्यावरची राइड झालीच नाही. सुरुवातीची रांग नाही, वॉटर स्टॉप नाही, बोर्नचा पूल नाही. लोकांनी आपापल्या गावात, अंगणात, घरातल्या सायकलवर जमेल तसं चालवलं. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, पीएमसीनं ६ कोटी ३० लाख डॉलर दिले होते. २०२० मध्ये किती दिले असतील? ५ कोटी!

थोडं थांबून विचार करा. ज्याला आपण 'प्रॉडक्ट' समजत होतो, तो तीनशे किलोमीटरचा रस्ताच गायब झाला, तरी बहुतेक पैसा आला. कारण देणारे रस्त्याला देत नव्हतेच. आपल्या ओळखीचा माणूस दरवर्षी येतो, नाव घेऊन विचारतो, सांगितलं तिथे पैसे पोचवतो आणि आभार मानायला परत येतो. लोक त्याला देत होते. चाळीस वर्षं पाळलेल्या शब्दाला देत होते.

लॉकडाउनमध्ये आपल्याकडेही हेच दिसलं. शटर खाली होतं, पण ज्या किराणावाल्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर होते आणि ज्याच्या वजनावर लोकांचा विश्वास होता, त्याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या येत राहिल्या.

एक इशारा

हे वाचून कुणी लगेच "प्रत्येक पाकिटामागे पाच रुपये अनाथाश्रमाला" असं लेबल छापायला धावेल. थांबा. सेवेचं नाव विक्रीसाठी वापरणार असाल तर पीएमसीसारखं वापरा. संस्था आधी ठरवा, तिला विचारा, किती पाकिटं विकली याची नोंद ठेवा, पैसे पोचवा आणि पावतीचा फोटो त्याच ग्राहकांना दाखवा. लोकांकडून देणगी म्हणून पैसे घेणार असाल तर ते थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, आयकराच्या ८०जी सवलतीची पावती मिळते का तेही विचारा. स्वतःच्या खात्यात "नंतर देऊ" म्हणून घेऊ नका. हेतू शुद्ध असला तरी नको. आणि परदेशात अशी राइड करायची इच्छा असेल तर जरूर करा, पण विमान, व्हिसा आणि सायकलचा खर्च स्वतःच्या खिशातून. तो देणगीत मिसळला की तुमचा शब्द पातळ झाला.

या आठवड्याचं काम

पेन घ्या. मोबाइल नको, वहीच.

एक: साठ नावं लिहा. तुम्हाला नावानं ओळखणारी साठ माणसं.

दोन: प्रत्येक नावापुढे एक ओळ, या माणसाला माझ्याकडचं नक्की काय उपयोगी पडेल. जिथे काहीच सुचत नाही ते नाव खोडा. उगाच कुणाच्या गळ्यात माल मारायचा नाही.

तीन: रोज दहा जणांना विचारा. नाव, वस्तू, भाव, तारीख. मेसेजपेक्षा फोन बरा, फोनपेक्षा भेट बरी.

चार: "नको" म्हणणाऱ्याला "काही हरकत नाही, पुढच्या वेळी विचारू ना?" एवढंच. राग नाही, रुसवा नाही.

पाच: "हो" म्हणणाऱ्याला सांगितलेल्या तारखेच्या एक दिवस आधी माल द्या. आठवड्यानं फोन करून कसा वाटला विचारा. मगच वहीत त्या नावापुढे 'पूर्ण' लिहा. पैसे आले म्हणून 'पूर्ण' लिहायचं नाही.

गोडा मसालावाल्या त्या ताईंनी हीच यादी केली. पहिल्या दिवशी दहापैकी चौघींनी हो म्हटलं, तिघींनी "पुढच्या महिन्यात", दोघींनी नको, आणि एकीनं फोनच उचलला नाही. संध्याकाळी त्यांचा मला मेसेज आला: "सर, कुणी खाल्लं नाही मला."

नाहीच खात कुणी! बोलणाऱ्याचे हुलगेही खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. तुमच्याकडे तर गहूच आहेत. उद्या सकाळी दहा वाजता पहिला फोन लावा.